पाचाने गिळलेला एक्स

ही हकीकत लिहायला मी आजवर तीन वेळा बसलो आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी लिहून उठलो. एकदा पंपांच्या धंद्यावर लिहिलं, एकदा उद्यमनगरातल्या जुन्या कारागिरांवर, एकदा तर चक्क आमच्या कारखान्यातल्या चहावर. वाचणाऱ्यांना ते आवडलं. लाकडी नमुने करणारे आमचे मिस्त्री त्या प्रत्येक लेखात होते, जे सांगायचं होतं ते मात्र एकाही लेखात नव्हतं. आता वय झालं आहे, तेव्हा आधी तेच सांगून टाकतो. आमच्या कारखान्यात एका पंपाच्या पॅटर्नमध्ये जी मोठी चूक झाली, ती आजही मिस्त्रींच्या नावावर आहे. ती त्यांची नव्हती. माझी होती. आणि ती माझी आहे हे मला पंपाची चाचणी झाली त्याच दिवशी दुपारी समजलं होतं.

मी त्या कारखान्यात डिझाइनचं काम बघायचो. शेतीचे पंप बनायचे. पंपाचं बाहेरचं बिडाचं कवच असतं, गोगलगाईच्या शंखासारखं, त्याला आम्ही केसिंग म्हणतो. ते ओतायच्या आधी हुबेहूब तसाच लाकडी नमुना करावा लागतो. तोच पॅटर्न. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. म्हणजे लाकडात जे चुकलं ते लोखंडात उतरलं, आणि एकाच नगात नाही, प्रत्येक नगात. हे लाकडाचं काम मिस्त्रींकडे होतं.

मिस्त्री गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातले. कपाळाला विभूती, कानावर पेन्सिल, पायात तळ झिजलेल्या चपला. शिक्षण चौथीपर्यंत. माप घेताना तोंडातल्या तोंडात "ओंदु, यरडू, मूरू" असं कानडीत मोजायचे आणि माप सांगताना मराठीत सांगायचे. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची फूटपट्टी नेहमीच्या पट्टीपेक्षा जराशी लांब असते. नवीन कुणी आलं की मिस्त्री त्याच्यापुढे दोन्ही पट्ट्या जोडून धरायचे आणि म्हणायचे, "बगा पावणं, आमची पट्टी दुनियेपेक्षा मोठी हाय. आमचं मन बी तसंच."

वळणाची त्यांची एक रीत होती. फळीवर खुणांच्या जागी चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या, त्यांच्यामधून पोलादाची पातळ पट्टी वाकवून बसवायची आणि मग दोन पावलं मागं सरून एक डोळा मिटून बघायचं. शेवटी त्या पट्टीवरून अंगठा फिरवायचा. अंगठा कुठं अडला नाही तर रेघ मंजूर. मी हिशेब करून दिलेली रेघसुद्धा या अंगठ्याखालून गेल्याशिवाय करवतीखाली जायची नाही. मला त्याची गंमतही वाटायची आणि, खरं सांगायचं तर, थोडा रागही यायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझा मेहुणा अमेरिकेहून आला, त्यानं मला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आणला. वीटभर लांबीचा, काळा, बारीक बटणांचा, वर पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढा करडा पडदा. समीकरण टाकलं की त्याची रेघ पडद्यावर डावीकडून उजवीकडे स्वतः चालत जायची. तोवर मी आलेखाच्या कागदावर टिंबं देऊन वळण काढत होतो. पहिल्या दिवशी मी तो घेऊन थेट मिस्त्रींच्या बाकावर गेलो. घरी दाखवायच्याही आधी.

रेघ चालताना बघून मिस्त्री म्हणाले, "आयला! मुंगी चालल्यागत चालतीया की."

"मी सांगितलंय तशी चालतीय, मिस्त्री."

"तुमी न्हाय सांगितलंसा. तुमी निस्ती बटणं दाबलीसा. तिला वाट कुणी सांगितली?"

मग मी समीकरणाचा पडदा उघडून दाखवला. वाय बरोबर अमुक अधिक तमुक एक्स अधिक आणखी काही एक्सचा वर्ग. या आकड्यामुळं रेघ वर सरकते, या आकड्यामुळं उभी होते, हा एक्सचा वर्ग तिला वाकवतो. मिस्त्रींनी इंग्रजी आकडे पटकन ओळखले, एक्सला ते "फुली" म्हणायचे. त्यांचं बोट जाड, एका वेळी दोन बटणं दाबली जायची, म्हणून त्यांनी पेन्सिलीचं मागचं टोक वापरायला सुरुवात केली. पुढं वर्षभर दुपारच्या चहाला आम्हा दोघांचा हाच खेळ होता. ते आकडा बदलायचे, मी विचारायचो, "आता रेघ काय करंल?" ते हवेत हातानं वळण काढून दाखवायचे आणि मगच बटण दाबायचे. दहातल्या आठ वेळा हात बरोबर असायचा.

एकदा ते घरून लोखंडी कढई घेऊन आले. "हिचं समीकरण काढा." कढई कागदावर आडवी धरून तिचा बाजूचा आकार आम्ही उतरवून घेतला आणि एक्सच्या वर्गापुढचा आकडा बदलत बसलो. ज्यादा झाला की कढईचा पेला व्हायचा, कमी झाला की तवा. मिस्त्री म्हणायचे, "आजून पसरट. आजून. हां, आता भजी ऱ्हातील." तीन दिवस ती कढई माझ्या टेबलावर होती. चौथ्या दिवशी त्यांचा धाकटा मुलगा कारखान्याच्या दारात येऊन मोठ्यानं सांगून गेला, "आई म्हंत्या, कढईचं गणित झालं आसंल तर द्या, न्हाईतर जेवाय बी तितंच बसा." वाळूचे साचे भरायची अख्खी मोल्डिंगची जागा हसली. मिस्त्री कढई बगलेत मारून घरी गेले.

एवढा जीव लावणारं माणूस आणि एवढं साधं यंत्र. त्या दोघांच्या मध्ये मी काय केलं ते आता सांगतो.

मालकांना एक मोठा पंप काढायचा होता. गगनबावड्याकडच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला शब्द दिला होता आणि वेळ थोडा होता. आधीच्या लहान पंपाच्या केसिंगचं समीकरण माझ्या कॅल्क्युलेटरमध्ये होतंच. त्यात एक्स म्हणजे केसिंगभोवती फिरलेला कोन आणि वाय म्हणजे मध्यापासूनचं अंतर. त्यात तीन तुकडे होते. पहिला नुसता आकडा, दुसरा एक्सला लागलेला, तिसरा एक्सच्या वर्गाला लागलेला. तिसरा तुकडा सुरुवातीला नगण्य असतो, पण केसिंगच्या तोंडाकडे जाताना वाढत जातो आणि पाण्याला बाहेर पडायला जागा करून देतो. नव्या पंपासाठी तिन्ही आकडे बदलायचे होते. नवीन समीकरण लिहिण्याऐवजी मी जुन्यातच कर्सर नेऊन आकडे बदलले.

त्या कॅल्क्युलेटरची एक खोड होती. कर्सर ज्या अक्षरावर उभा असेल त्याच्यावर दुसरं बटण दाबलं की जुनं अक्षर जायचं आणि नवीन त्याच्या जागी बसायचं. मध्ये काही घुसवायचं असेल तर आधी वेगळं बटण दाबावं लागायचं. पहिले दोन आकडे जुन्यांच्याच लांबीचे होते, त्यामुळं वरून दाबले तरी काही बिघडलं नाही. तिसऱ्या आकड्यात शेवटच्या एकच्या पुढं एक पाच घालायचा होता. कर्सर एकच्या पुढं नेला, म्हणजे एक्सवर, आणि पाच दाबला. एक्स गेला. वर्गाची खूण तशीच राहिली. म्हणजे एक्सच्या वर्गाऐवजी त्या बारीक आकड्याचाच वर्ग झाला, आणि तो इतका बारीक की नसल्यासारखाच. यंत्राला यात काही खटकायचं कारण नव्हतं. त्यानं रेघ काढली. मला ती छान वाटली.

मी रेघेवरून कर्सर सरकवत एकेक माप मोठ्यानं सांगत गेलो, मिस्त्री फळीवर खुणा करत गेले. चुका ठोकल्या, पट्टी बसवली. दोन पावलं मागं. एक डोळा मिटला. अंगठा फिरवला. अंगठा कुठं अडला नव्हता, तरी ते मान हलवत राहिले.

"सायेब, शेवटाला ही रेघ दमल्यागत वाटतीया."

"म्हणजे?"

"पयल्यांदा बरी उघडत चाललीया. तोंडाजवळ आली की नुसती सरळ पळतीया. पाण्याचा गळा आवळंल."

मी म्हणालो, "मिस्त्री, हिशेब केलाय."

"केलाय की. पर एकदा बगा. ती फुली-वर्गाची गंमत दिसंना मला हितं."

त्यांनी अगदी नेमकं त्या तिसऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं होतं. मी समीकरणाचा पडदा उघडलासुद्धा नाही. मालक शनिवारी पॅटर्न पाहिजे म्हणून मागं लागले होते, आणि चार मोल्डर आमच्याभोवती उभे राहून ऐकत होते. मी हसत म्हणालो, "मिस्त्री, डोळ्याला म्हातारपण येतं. यंत्राला येत नाही."

मोल्डर हसले. मिस्त्रीही हसले. जरा वेळानं त्यांनी परत एकदा विचारलं, जाताना दारातून तिसऱ्यांदा विचारलं, आणि मी प्रत्येक वेळी बरोबर आहे म्हणून मान हलवली. मग त्यांनी करवत लावली. खुणा कापल्या गेल्या, कडा रंध्यानं साफ झाल्या, आणि मी सांगितलेल्या मापांचा पुरावा भुशाबरोबर गेला.

पंप तयार होऊन चाचणीला लागला तेव्हा पाणी ठरल्यापेक्षा बरंच कमी आलं. पाइपाच्या तोंडाशी उभे राहून मालक बघत राहिले. तोवर पहिल्या खेपेची सगळी केसिंगं ओतून झाली होती. दुपारी मी माझ्या टेबलाशी आलो, कॅल्क्युलेटर काढला आणि आकडे बदलल्यानंतर पहिल्यांदाच समीकरणाचा पडदा उघडला. पाचाच्या शेजारी, जिथं एक्स हवा होता तिथं, वर्गाची बारीक खूण पाचालाच चिकटून बसली होती. मला समजायला क्षणही लागला नाही.

कर्सर त्या खुणेवर नेला. घुसवायचं बटण दाबलं. एक्स दाबला. ओळ बरोबर झाली. माझ्या आलेखाच्या कागदावर ही दुरुस्ती केली असती तर खोडरबरानं कागद फाटला असता, शाई पसरली असती, निदान मला तरी रोज दिसली असती. पडद्यावर काहीच राहिलं नाही. जणू तो एक्स पहिल्या दिवसापासून तिथंच होता. मी हे मालकांना फसवायला केलं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. तेव्हा वाटलं होतं की आधी बरोबर करूया, मग जाऊन सांगूया. दहा मिनिटांत मालकच आत आले आणि मिस्त्रींनाही बोलावून घेतलं.

"काय हो, पाणी कुठं गेलं आपलं? दाखवा तुमचं गणित."

मी कॅल्क्युलेटर पुढं केला. मापं काढून दाखवली. मालकांनी ती केसिंगवर लावून बघितली. तोंडाजवळ केसिंग बोटभर कमी भरलं.

"गणित तर बरोबर हाय." मालक मिस्त्रींकडे वळले. "मिस्त्री, परत डोळ्यानं केलंसा व्हय? किती बारी सांगितलं, तुमचा अंगठा बाजूला ठेवा म्हणून!"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. ते माझ्याकडे असं बघत होते की मी आता काहीतरी बोलणारच याची त्यांना खात्री होती. मी पडद्याकडे बघत होतो. त्या पडद्यावर सगळं बरोबर होतं.

मग ते म्हणाले, "व्हय मालक. माझंच चुकलं आसंल."

मालकांचा राग लवकर यायचा आणि लवकर जायचा. त्यांनी मिस्त्रींना काढलं नाही, कुणाला काही भरायला लावलं नाही. केसिंगं फोडून परत भट्टीत गेली, नवा पॅटर्न झाला, पंप चालला. वरवर बघता एवढंच. पण आमच्या पॅटर्नच्या जागेत एक रीत होती. फसलेला पॅटर्न फेकायचा नाही, ज्यानं केला त्यानं आपल्याच हातानं आपल्या बाकावरच्या भिंतीला टांगायचा, शिकाऊ पोरांना दिसावा म्हणून. मिस्त्रींच्या भिंतीवर सगळ्या नोकरीत मिळून दोन होते. त्यांनी स्टुलावर चढून तिसरा टांगला. मी खालून खिळे दिले. होय, मी खिळे दिले.

त्यानंतर जे झालं त्याचा मला आजही जास्त त्रास होतो. पडद्यावरची मापं मिस्त्रींनीही बघितली होती, त्यामुळं खुणा आपल्याच हातनं चुकल्या असं त्यांना खरंच वाटू लागलं, आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यावर भरवसा ठेवणं सोडलं. रेघ मांडायचे, दोन पावलं मागं सरायचे, डोळा मिटायचे, आणि मग अंगठा फिरवण्याऐवजी मला हाक मारायचे. "सायेब, बगा की जरा. बरोबर हाय न्हवं? त्यात घालून बगा." कॅल्क्युलेटर नसला तर उद्यापर्यंत थांबायचे. चहाच्या वेळी आता हवेत वळण काढून दाखवायचे नाहीत. मी म्हणायचो, "तुम्हीच सांगा की." ते म्हणायचे, "नगं. माझं काय खरं न्हाय." मी त्यांच्या प्रत्येक रेघेचं तोंड भरून कौतुक करायचो, जिथं काही नव्हतं तिथंही. त्यांना वाटायचं मी त्यांना सांभाळून घेतोय. त्यामुळं ते माझ्यावर आणखीनच माया करू लागले. गावाकडून काजूगर, गूळ, पावट्याच्या शेंगा असं काही ना काही माझ्या टेबलावर यायचं.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी ते निवृत्त होऊन गावी गेले. त्या सुमारास आमच्याकडेही कॉम्प्युटरवर डिझाइन सुरू झालं होतं. निरोपाच्या दिवशी मालकांनी मला बोलायला लावलं. मी मिस्त्रींच्या हातातल्या कसबावर बोललो, त्यांच्या लांब पट्टीवर बोललो, कढईचा किस्सा सांगितला, सगळे हसले. सांगायची खरी जागा तीच होती. सगळी माणसं समोर होती.

वर्षभरानं मी ठरवून निघालो. स्टँडवरून गडहिंग्लजची एसटी धरली. कागल गेलं, निपाणी गेली, संकेश्वर आलं, आणि मी खिडकीशी बसून काय बोलायचं ते मनातल्या मनात जुळवत होतो. काय गाळायचं, काय आधी, काय नंतर. गडहिंग्लजला उतरेपर्यंत ते मला तोंडपाठ झालं होतं. पुढं रिक्षानं गावात गेलो.

मिस्त्री ओसरीवर बसले होते. मला बघून उठले ते पायात चप्पल न घालताच रस्त्यावर आले. "सायेब! अगं, सायेब आल्यात बग!" त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "कढईचं गणित करणारं सायेब तुमीच व्हय? त्याच कढईत आज भजी करत्ये, थांबा." मिस्त्रींनी मला घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली बसले. मी खूप म्हणालो, तरी वर बसले नाहीत.

भजी आली, चहा आला. पत्नी आत गेल्या. मी सुरुवात केली. "मिस्त्री, त्या मोठ्या पंपाचं..."

त्यांनी माझा हात धरला. "तेवढं नगा काढू सायेब. मला ठाव हाय तुमच्या मनात हाय ते. सगळ्या जन्मात एकदाच माझ्या हातनं तुमास्नी मालकांफुडं खाली बघाय लागलं. तुमी त्या दिशी एक शबुद बोलला न्हाईसा. दुसरा कोण आसता तर माझी आब्रू काढली आसती चार माणसात. मी लई दिस म्हंत होतो, सायबांस्नी म्हणावं, माफ करा म्हणून. आता तुमीच आलासा. माफ करा सायेब."

आणि त्यांनी माझ्या हातावर कपाळ टेकलं.

मला बोलता आलं असतं. पाठ केलेलं सगळं अजून तोंडात होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या हो मिस्त्री." ज्याचं मी नुकसान केलं त्याला मी माफ करून टाकलं, आणि तो मोकळा झाल्यासारखा हसला. आतून आवाज आला, "भजी गार होत्यात!" मी दोन भजी जास्त खाल्ली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आलो.

पत्र लिहावं म्हटलं, तर ते त्यांच्या मुलानं मोठ्यानं वाचून दाखवलं असतं, पत्नी ऐकत बसल्या असत्या. हे कारण आहे की निमित्त, मला अजून ठरवता आलेलं नाही. परत जायचं म्हणता म्हणता दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्याच्या आधी मुलाचा फोन आला. मी पोचलो तेव्हा सगळं उरकून माणसं पांगली होती.

एसटीत पाठ केलेलं बोलणं असं होतं:

मिस्त्री, त्या पंपाची रेघ तुमच्या हातानं चुकली नाही. आकडा बदलताना मी एक फुली घालवली. तुम्ही मला तीनदा सांगितलंत, मी एकदाही बघितलं नाही. नंतर बघितलं, गुपचूप नीट केलं, आणि मालक तुम्हाला बोलत असताना गप्प बसलो. तुमचा डोळा बरोबर होता, तुमचा अंगठा बरोबर होता. त्यानंतर तुम्ही जितक्या वेळा मला विचारायला आलात, तितक्या वेळा मी तुम्हाला हे सांगायला हवं होतं. मला माफ करा.